भाड्याची गाडी परत करताना : इजारा, अमानत आणि आपली जबाबदारी

पूर्वी मोटार घ्यायची म्हणजे सामान्य कुटुंबासमोर दोनच मार्ग असत : पैसे साठवून विकत घेणे किंवा बँकेकडून व्याजी कर्ज काढणे. अलीकडे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तिसरा मार्गही रुळू लागला आहे. छोटी गाडी दोन, तीन किंवा चार वर्षांच्या मुदतीने भाडेपट्ट्यावर, म्हणजे लीजवर घेता येते. मालकी कंपनीची, वापर आपला. दरमहा ठरलेले भाडे. मुदत संपली की गाडी परत. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या कुटुंबांना हा मार्ग जवळचा वाटतो. नोकरीनिमित्त आखाती देशांत राहणाऱ्या आपल्या बांधवांना तर तो परिचयाचाच आहे.

गाडी घेताना आपण पुष्कळ चौकशी करतो. परंतु मोमिनाची खरी परीक्षा घेताना नव्हे, परत करताना होते. मुदतीचे अखेरचे दोन-तीन महिने उरले की मनात एक विचार हळूच शिरतो : “आता ही गाडी आपली राहणार नाही, मग तिच्यावर वेळ आणि पैसा कशाला घालवायचा?” या विचाराला शरीअत काय उत्तर देते, ते आपण पाहू या.

इजाऱ्याचे स्वरूप

वस्तू न विकता तिचा वापर ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक मोबदल्यात दुसऱ्याला देणे, याला फिक्हच्या परिभाषेत इजारा म्हणतात. माणसाला मोलाने कामावर ठेवणे हाही इजाराच होय. सूरह कससमध्ये (आयत २६ ते २८) हजरत मूसा (अलै.) यांना मदयनमध्ये कामावर ठेवल्याचा प्रसंग आहे. तेथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, ज्याच्या हाती काम सोपवायचे तो समर्थ आणि विश्वासू असावा, असे त्या कन्येने आपल्या पित्याला सुचवले. दुसरी, मुदत आधीच स्पष्ट ठरली : आठ वर्षे, आणि स्वेच्छेने दहा. मुदत, मोबदला आणि विश्वास या तिन्हींवर इजारा उभा असतो.

भाड्याने घेतलेली वस्तू घेणाऱ्याच्या हातात अमानत असते, हे फुकहांनी स्पष्ट केले आहे. याचा अर्थ दुहेरी आहे. आपली काही चूक नसताना वस्तूचे नुकसान झाले, तर ते मालकाचे. मात्र आपण मर्यादा ओलांडली किंवा हयगय केली, तर भरपाई आपल्यावर येते. इस्लामी सहकार्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने सन २००० मध्ये रियाध येथील अधिवेशनात हीच भूमिका घेतली. मालकीत अंती रूपांतर होणाऱ्या भाडेकरारांविषयीच्या त्या ठरावानुसार वस्तूची जोखीम मालकावर राहते. विमा काढायचाच असेल तर तो सहकारी तत्त्वावरील असावा आणि त्याचा खर्च मालकाने सोसावा. रोजच्या वापरातून उद्भवणारी देखभाल वगळता इतर देखभालही मालकाचीच, असे त्यात म्हटले आहे.

देखभाल कोणाची?

या तत्त्वानुसार इंजिन वा गिअरबॉक्स मुळातच सदोष निघाला, तर तो दुरुस्त करून गाडी वापरण्याजोगी ठेवणे मालकाचे काम. टायरमधील हवा, काच धुण्याचे पाणी, वेळेवर सर्व्हिसिंग ही नित्याची काळजी आपली. अनेक करारांत सर्व्हिसिंगचा खर्च भाड्यातच धरलेला असतो. तरीही गाडी वेळेवर वर्कशॉपमध्ये नेणे आपल्याच हातात असते. छोट्या पेट्रोल गाड्यांना साधारणपणे १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा सर्व्हिसिंग सांगितलेले असते. परतीला दोन महिने उरले म्हणून ते टाळले आणि जुन्या ऑइलवर इंजिन झिजत राहिले, तर ती हयगयच ठरेल; मग ती तपासणीत दिसो वा न दिसो.

करारावर सही करण्यापूर्वीच तो नीट वाचावा. सर्व मोठ्या दुरुस्त्या सरसकट आपल्यावर टाकणारे कलम असेल, किंवा भाडे थकल्यास व्याज लावण्याची अट असेल, तर जाणकार आलिमांचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हीरा ते कादिसिया

हनफी फिक्हच्या ‘अल-हिदाया’ या बाराव्या शतकातील ग्रंथात एक उदाहरण आहे. एकाने हीरा या इराकमधील गावापर्यंत जाण्यासाठी जनावर भाड्याने घेतले. पण तो पुढे कादिसियापर्यंत गेला आणि परत हीरेला आला. त्यानंतर ते जनावर दगावले, तर भरपाई त्याच्यावर येते. कारण ठरलेले अंतर ओलांडताक्षणी त्याचा अमानतदार हा दर्जा गेला.

आजच्या करारातील किलोमीटरची मर्यादा ही तीच हीरा आहे. समजा, आपल्या करारात वर्षाला १२,००० प्रमाणे तीन वर्षांसाठी ३६,००० किलोमीटर ठरले आहेत आणि गाडी ४१,००० धावली आहे. वरच्या ५,००० किलोमीटरचा ठरलेला दर भरणे हे मालकाचे आपल्यावरील देणे आहे. मीटर मागे फिरवून देणाराही कोणी भेटेल. पण तो आपल्याला पैसे वाचवण्याची नव्हे, हराम कमावण्याची वाट दाखवत असतो.

ओले धान्य

सहीह मुस्लिममधील एक हदीस आपण अनेकदा ऐकली असेल. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीत हात घालतात आणि बोटांना ओल लागते. पावसाने भिजले, असे विक्रेता सांगतो. तर मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे आप (सल्ल.) विचारतात आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असा इशारा देतात.

येथे एक बारकावा आहे. धान्य भिजले हा त्या विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. पाऊस कोणाच्या हातात नसतो. गुन्हा होता तो ओल खाली दडवण्याचा. गाडीला ओरखडा पडणे, गर्दीच्या गल्लीत आरसा घासणे, हे माणसाच्या हातून घडते. परंतु चांगली बॅटरी वा टायर काढून जुने बसवणे, पोचा रंगाने झाकणे, डॅशबोर्डवरील धोक्याचा दिवा स्कॅनर लावून तात्पुरता विझवणे आणि मूळ दोष तसाच ठेवणे, हे ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरणेच आहे. ती गाडी पुढे जुन्या बाजारात विकली जाते. दडवलेल्या दोषाचा धोका कंपनीला नव्हे, तर एखाद्या अनोळखी कुटुंबाला पत्करावा लागतो.

परतीची तयारी

१. तीन महिने आधी करार पुन्हा वाचा. कोणती झीज स्वाभाविक मानली आहे, कशाचे पैसे आकारले जातील आणि मुदतीची सूचना किती दिवस आधी द्यायची, हे टिपून ठेवा.

२. सहा आठवडे आधी गाडी धुऊन उजेडात स्वतः पाहा. टायरच्या खाचांमधील उंचवटे पृष्ठभागाशी समपातळीत आले असतील तर टायर संपला, असे समजावे. मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, असा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा दंडक आहे. ब्रेक, वायपर, दिवे आणि एसी तपासा.

३. दुरुस्ती मालकाला विचारून, मान्य वर्कशॉपमध्येच करा. गाडी दुसऱ्याची आहे. परवानगीशिवाय रंगकाम वा फेरबदल करण्याचा हक्क आपल्याला नाही. अपघाताचे नुकसान असेल तर विम्याचा दावा परतीपूर्वीच पूर्ण करा.

४. प्रलंबित ई-चलन भरा. पीयूसी, सर्व्हिसिंगच्या पावत्या, दुसरी किल्ली, स्टेपनी, जॅक आणि पाना एकत्र ठेवा. आपल्या नावाचा फास्टॅग बंद करा आणि गाडीच्या स्क्रीनमध्ये साठलेले फोन क्रमांक पुसा.

५. हाती देण्याच्या दिवशी मीटरसह सर्व बाजूंची छायाचित्रे घ्या. तपासणीच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय निघू नका. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार करण्याची शिकवण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. कागद हा अविश्वास नव्हे; तो दोघांनाही अन्यायापासून राखतो.

आपलाही हक्क आहे

अमानतदारी म्हणजे निमूटपणे लुबाडले जाणे नव्हे. तीन वर्षांच्या वापराने सीटचे कापड थोडे फिके पडणे, बोनेटवर खड्यांचे बारीक ठिपके उमटणे, ही ती झीज आहे जिच्या मोबदल्यातच आपण भाडे दिले. तिचे वेगळे पैसे मागितले गेल्यास करार आणि छायाचित्रे पुढे ठेवून सभ्यतेने, पण ठामपणे नकार द्यावा. तसेच ज्या दोषाची आपल्याला माहिती आहे आणि समोरच्याच्या नजरेतून तो सुटला आहे, तो आपण होऊन सांगावा. या दोन्ही गोष्टी एकाच न्यायाच्या दोन बाजू आहेत.

अमानत ज्याची त्याला

काही जण म्हणतात, “एवढी मोठी कंपनी, तिला काय फरक पडतो?” त्यांनी हिजरतची रात्र आठवावी. मक्केचे लोक प्रेषितांच्या (सल्ल.) जिवावर उठले होते, तरी त्यांच्या ठेवी आप (सल्ल.) यांच्याकडेच होत्या. मक्का सोडताना आप (सल्ल.) यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, ते त्या ठेवी ज्याच्या त्याला पोहोचवण्यासाठी. शत्रूची अमानतही जर बुडवता येत नाही, तर ज्याच्याशी आपण सही करून करार केला, त्याची कशी बुडवता येईल? सूरह निसाच्या ५८ व्या आयतीतील अमानती परत करण्याचा आदेश मालकाचा धर्म वा श्रीमंती पाहत नाही.

घरातील मुले हे सारे पाहत असतात. किल्ली देताना वडिलांनी आपण होऊन दाखवलेला एक ओरखडा त्यांना अमानतीचा जो धडा देईल, तो दहा प्रवचनांनी मिळणार नाही. अल्लाह तआला आपल्या सर्वांना करार पाळण्याची आणि प्रत्येक अमानत सुस्थितीत परत करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.