जुने चित्रपट, जॅझ आणि आपले कान

बुवापाड्यातील एक निवृत्त काका मुलासोबत दवाखान्यात आले. मुलाची तक्रार होती, "बाबा टीव्हीचा आवाज एवढा वाढवतात की शेजारी दार वाजवतात." काकांचे म्हणणे वेगळेच. "डॉक्टर, हल्लीचे टीव्हीच बिघडलेले असतात. 'अलबेला' लावला की ठेका ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत." काकांची तीस वर्षे कारखान्यात, यंत्रांच्या खडखडाटात गेलेली. बिघाड टीव्हीत नव्हता, कानात होता.

'अलबेला' (१९५१) हा भगवानदादांचा चित्रपट, संगीत सी. रामचंद्र यांचे. त्यात ट्रंपेट वाजविणारे गोव्याचे चिक चॉकलेट हे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवीत. पाश्चात्त्य जॅझ अशा वादकांमार्फतच आपल्या घराघरांत पोहोचले. उतारवयात हे संगीत आणि जुने चित्रपट घरबसल्या ऐकणे-पाहणे हा उत्तम विरंगुळा आहे. मात्र त्याची गोडी कानांवर अवलंबून असते.

कानात काय घडते?

आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक अवयव असतो. त्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. वयामुळे किंवा सततच्या गोंगाटामुळे त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. बहुधा उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधी जातात. म्हणून जॅझमधला डबल बास आणि ड्रमचा ठेका ऐकू येतो, पण झांजेची किणकिण हरवते. बोलण्यातही तेच होते. 'स', 'श', 'त' ही व्यंजने पुसट होतात आणि 'सात' म्हटले की 'हात' हे कळेनासे होते. अशा वेळी आवाज वाढविला तर गोंगाट वाढतो, स्पष्टपणा येत नाही. उरलेल्या पेशींवर ताण पडतो तो वेगळाच.

घरच्या घरी पाहा

ओळखीचे गाणे घरातल्या इतरांना सोयीच्या आवाजात लावा. झांज ऐकू येते का? डोळे मिटून चित्रपटातले संवाद समजतात का? (नकळत आपण ओठांच्या हालचाली वाचत असतो.) उत्तर 'नाही' असेल तर श्रवणचाचणी करून घ्यावी.

ही पथ्ये पाळा

१. आधी भोवतालचा गोंगाट कमी करा. खिडकी लावा, मिक्सर थांबवा. मग आवाज वाढविण्याची गरजच पडत नाही.

२. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर आवाज फार झाला असे समजा.

३. लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठी इअरफोनचा आवाज वाढवू नका.

४. तासाभराने कानांना दहा मिनिटे विश्रांती द्या.

५. टीव्हीच्या जवळ बसा. संवादांच्या ओळी पडद्यावर दिसत असतील तर त्या सुरू ठेवा.

६. कानात पिन, काडी किंवा तेल घालू नका. मळ डॉक्टरांकडूनच काढून घ्या.

केव्हा थांबू नये?

एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. उपचार लवकर झाले तरच बरे होण्याची शक्यता जास्त. कानात सतत गुणगुण, पू किंवा चक्कर असल्यासही टाळाटाळ नको. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणचाचणीची सोय आहे.

डोळ्यांना चष्मा लावण्यात आपल्याला लाज वाटत नाही, मग श्रवणयंत्राची का वाटावी? ऐकू येत नाही म्हणून माणूस आधी टीव्ही सोडतो, मग घरच्या गप्पा, आणि शेवटी एकटा पडतो. हे नुकसान मोठे आहे.

काकांच्या कानातला मळ काढला, चाचणी केली आणि दोन्ही कानांना यंत्रे बसविली. पहिले काही आठवडे कुरकुर झाली, कारण यंत्राची सवय व्हायला वेळ लागतो. आता शेजारी दार वाजवीत नाहीत. 'अलबेला'चे शब्द कळतात, आणि नातवाने हाक मारली तर पहिल्याच हाकेला 'ओ' मिळते.