वाटाड्याची विद्या : नकाशा, होकायंत्र आणि जीपीएस

१९५६ साली भुईगावात दगडाचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरे होती आणि ती सम्राट अशोकाच्या शिलालेखातील होती. त्यापूर्वी ७४ वर्षे, म्हणजे १८८२ मध्ये, पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यास आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला होता. त्याच वर्षी त्यांनी 'बुरूड राजाचा कोट' नावाचे टेकाड खणून सोपाऱ्याचा स्तूप उजेडात आणला. १९५६ हे आपल्यासाठी कोणते वर्ष आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको. पण भूगोल शिकविणाऱ्याचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे जाते. असा तुकडा हाती आला की अभ्यासक 'काय लिहिले आहे' हे जितक्या आस्थेने विचारतात, तितक्याच आस्थेने 'नेमका कोठे मिळाला' हेही विचारतात. जागेची नोंद नसेल तर लेखाचे निम्मे मोल जाते.

त्या आठव्या लेखाचा विषयही प्रवासाचाच आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी, करमणुकीसाठी विहारयात्रा करीत. अशोक मात्र राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर संबोधीच्या स्थानी गेला आणि तेथून त्याच्या धम्मयात्रांना आरंभ झाला, असा त्याचा आशय आहे. निघावे कोठून, जावे कोठे आणि कशासाठी, हे प्रश्न असे आपल्या दाराशी दगडावर कोरलेले आहेत. तेव्हा दिशा ओळखण्याचा पाठ भुईगावच्या निवासी शाळेत द्यावयाचा तर तो दूरच्या उदाहरणांनी देण्याचे कारण नाही.

निवासी शाळेत नव्याने आलेल्या मुलाचा पहिल्या रात्रीचा प्रश्न ठरलेला असतो : आमचे घर कोणत्या बाजूला? आमच्या मते भूगोलाचा पहिला तास याच प्रश्नाचा असावा. महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवर न टांगता जमिनीवर पसरावा. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर असते आणि मुलाला वाटते, उत्तर म्हणजे आकाश. नकाशाची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर एका रेषेत येईतो नकाशा फिरवावा. यालाच नकाशा दिशेवर लावणे म्हणतात. मग भुईगावावर एक बोट ठेवून मुलाने आपला तालुका शोधावा आणि त्या दिशेस तोंड करून उभे राहावे. जव्हारचा मुलगा ईशान्येकडे वळेल, मुरबाडची मुलगी जवळजवळ पूर्वेकडे, महाडचा मुलगा दक्षिण-आग्नेयेकडे. घर दिसत नाही, परंतु ते कोठे आहे हे कळते, आणि त्याने त्या रात्रीची झोप थोडी सोपी होते.

यानंतर मोठ्या प्रमाणाचा नकाशा हाती घ्यावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांपैकी वसईचा भाग ४७ ए/१५ या पत्रकावर येतो. प्रमाण १ : ५०,०००, म्हणजे नकाशावरचे २ सेंटिमीटर जमिनीवर १ किलोमीटर. पूर्वेस तुंगारेश्वराच्या अंगावर तपकिरी समोच्चरेषा दाट झालेल्या दिसतात, म्हणजे तेथे चढ उभा आहे. आपल्या सपाट किनारपट्टीवर त्या जवळजवळ दिसतच नाहीत. नकाशा वाचणे म्हणजे नावे वाचणे नव्हे. तेथे पाय ठेवण्यापूर्वी चढ, ओढा, दलदल आणि वस्ती मनासमोर उभी करता आली पाहिजे. वसईची बावखले हे याचे चांगले उदाहरण. वाड्यांतून असलेली ही गोड्या पाण्याची तळी फोनवरच्या नकाशात पुष्कळदा नसतात. फोनने दाखविलेली जवळची वाट केळीच्या वाडीतून जाते आणि कुंपणापाशी किंवा बावखलाच्या काठी संपते. मुलांनी आपल्या परिसरातील बावखले स्वतः नकाशावर भरावीत. जे नकाशावर नसते ते बुजविणे सोपे जाते.

होकायंत्राची सुई उत्तर दाखविते, पण ती चुंबकीय उत्तर. खऱ्या उत्तरेपासून तिचा कोन ठिकाणापरत्वे व काळानुसार बदलतो. आपल्या किनाऱ्यावर तो एका अंशाहूनही कमी असल्याने प्राथमिक पाठात सोडून दिला तरी चालतो. हिमालयापलीकडे किंवा परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी मात्र तो सोडू नये. सुईला खरा धोका लोखंडाचा आणि विजेचा. मुंबईत कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर हे काम हलवावे लागले आणि १९०४ मध्ये अलिबागची चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. तिच्या बांधकामात लोखंड टाळून दगड, तांबे व पितळ वापरले. एवढी मोठी वेधशाळा ट्रामला बिचकली, तर शाळेच्या लोखंडी फाटकाला टेकून, खिशात मोबाइल ठेवून घेतलेले माप काय भरवशाचे?

माप घेण्याची रीत साधी आहे. यंत्र छातीसमोर आडवे, सपाट धरावे. ज्या खुणेकडे जायचे तिच्याकडे बाण रोखावा. यंत्र न हलविता तबकडी फिरवून सुई उत्तरेच्या खुणेवर आणावी आणि बाणापाशी आलेला अंक वाचावा. उत्तरेपासून उजवीकडे मोजलेला हा कोन म्हणजे दिगंश. पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. परतीसाठी त्यात १८० मिळवावेत, बेरीज ३६० च्या पुढे गेली तर ३६० वजा करावेत. एका अंशाची चूक किलोमीटरभर चालल्यावर सुमारे १७ मीटरांची होते आणि पाच अंशांची जवळजवळ ९० मीटरांची. वाडीतल्या बोळांत ९० मीटर म्हणजे दुसरीच आळी.

यंत्र नसले तरी आकाश आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितका आपला अक्षांश. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंशांची, म्हणून भुईगावच्या किनाऱ्यावरून ध्रुव उत्तरेस दोन मुठींहून किंचित खाली शोधावा. 'दुपारची सावली नेहमी उत्तरेकडे पडते' हे मात्र मुलांना शिकवू नये. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेस असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते.

आता जीपीएस. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ सतत सांगत असतात. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून फोन प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढतो. स्थान निश्चित करण्यास निदान चार उपग्रह लागतात, कारण फोनच्या घड्याळाची चूकही त्याच गणितात काढावी लागते. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला की अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो. २०१३ ते २०१६ या काळात भारताने आपले सात उपग्रह सोडून 'नाविक' ही स्वतःची व्यवस्था उभारली. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन सुमारे ५ मीटरांपर्यंत अचूक असतो. दाट झाडी आणि उंच इमारतींत हा भरवसा घटतो.

पालकांमध्ये एक गैरसमज फार दिसतो : रेंज गेली की जीपीएस बंद. तसे नाही. फोन उपग्रहांचे केवळ ऐकत असतो, त्याला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशाचे चित्र आणण्यासाठी. ते आधीच उतरवून ठेवले तर डोंगरातही काम होते. अट एवढीच की फोन चार्ज असावा. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेले, रेल्वे थांबली, वीज गेली, तेव्हा ही अट किती मोठी आहे हे सर्वांनी अनुभवले.

दुसरी चूक अधिक घातक आहे. भुईगावचा अक्षांश सुमारे १९.३७ अंश, म्हणजे १९ अंश २२ मिनिटे. घाईत कोणी दशांश चिन्ह विसरून '१९ अंश ३७ मिनिटे' असे कळविले, तर तो सत्तावीस किलोमीटर उत्तरेस, वैतरणा ओलांडून केळव्याच्या अक्षांशावर जातो. रुग्णवाहिका बोलाविताना ही चूक झाली तर काय होईल? म्हणून स्थान कळविताना अंशांची पद्धत सांगावी आणि जोडीला जवळची एक खूण सांगावी. जुन्या छापील पत्रकांबाबतही सावध असावे. ती एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या मापावर आहेत आणि जीपीएस 'डब्ल्यूजीएस ८४' वर. दोहोंत शंभर मीटरांच्या घरातली तफावत पडते. २००५ च्या नकाशा धोरणानंतरची पत्रके नव्या मापावर आहेत.

आपल्या समाजाला ही विद्या नवी नाही. गावाची शीव, बांध, हद्दीचे दगड वतनदार महारास ठाऊक असत. शिवेचा तंटा उभा राहिला की त्याच्या साक्षीला वजन असे. सरकारी अंमलदाराला पुढच्या गावापर्यंत वाट दाखविणे हेही त्याचेच काम. साऱ्या गावाचा नकाशा ज्याच्या डोक्यात, त्याची स्वतःची वस्ती गावकुसाबाहेर. ज्ञान त्याचे, पण ते राबे दुसऱ्याच्या हुकमाने, अपरात्री. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच गुलामीविरुद्ध. १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. वतन गेले हे उत्तमच झाले, पण त्याबरोबर वाटाड्याचे ज्ञानही टाकून द्यावे असे आम्हांस वाटत नाही. ज्या घरात कोणी आजोबा अजून शिवेच्या खुणा सांगू शकतात, तेथे नातवाने वही आणि फोन घेऊन त्यांच्याबरोबर एकदा फिरून यावे व प्रत्येक खुणेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवावेत. वस्तीचे आजचे नावही लिहावे. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तरी जुन्या दप्तरांत आणि नकाशांत ती नावे अद्याप आहेत.

जातककथांत सुप्पारक नावाचा एक तांडेल येतो. त्याचे नाव सोपाऱ्याच्या प्राचीन नावाशी जुळणारे आहे. खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेली होती, तरीही सातशे व्यापाऱ्यांनी आपले जहाज त्याच्या हाती दिले. समोर दिसणाऱ्या पाण्याचे वर्णन इतरांनी करावे आणि हा कोणता समुद्र ते त्याने ओळखावे. आमच्या वर्गात ही कथा सरावासाठी वापरता येईल. एका विद्यार्थ्याचे डोळे बांधावेत, दुसऱ्याने दिगंश व पावले सांगावीत आणि मैदानाच्या चारी कडा फिरून दोघांनी मूळ जागी यावे. त्याआधी प्रत्येकाने शंभर मीटरांत आपली किती पावले पडतात ते मोजून ठेवावे.

आठवी-नववीच्या मुलांनी मग हिवाळ्यातील एका सकाळी, दोन शिक्षकांसह, सोपाऱ्याच्या स्तूपापर्यंत पायी जावे. तो आपल्या उत्तरेस, थेट अंतराने सुमारे पाच किलोमीटरांवर आहे. निघण्यापूर्वी नकाशावरून दिगंश काढावा, वाटेत प्रत्येक वळणावर तो आणि पावले लिहावीत आणि स्तूपापाशी वंदना झाल्यावर प्रथमच फोन उघडून स्थानाची नोंद घ्यावी. येताना फोन शिक्षकांच्या पिशवीत राहावेत. वहीतली वळणे उलट्या क्रमाने, प्रत्येक दिगंशात १८० मिळवून, मुलांनी वाट काढावी आणि कोणता गट फाटकापासून किती पावलांवर पोहोचला ते दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहावे.