बिदरचा दहा आकडी नंबर

कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी मराठवाड्याबरोबरच कर्नाटक, तेलंगणातूनही दिंड्या पायी कपिलधारला येतात. गर्दीत माणसे चुकतात, म्हणून आम्ही काही जण दिंड्यांचे संपर्क नंबर एक्सेलमध्ये भरून यादी हाताशी ठेवतो. एका यात्रेत बिदरकडच्या एक आजी आपल्या दिंडीपासून तुटल्या. यादीत बिदरच्या मठाचा नंबर होता. लावला, तर फोन उचलला भलत्याच माणसाने. त्याला ना मठ ठाऊक, ना दिंडी. आजी रडवेल्या झाल्या. शेवटी पताकेवरून दिंडी सापडली, पण तोवर त्या माउलीचे जे हाल झाले ते मी विसरलेलो नाही.

नंबर होता लँडलाइनचा. बिदरचा एसटीडी कोड 08482, त्यापुढे सहा आकडे. एक्सेलच्या लेखी ती एक संख्या, आणि संख्येच्या आधीच्या शून्याला किंमत नाही, म्हणून त्याने ते गाळले. उरले नेमके दहा आकडे. बीडच्या 02442 चे शून्य गेले तर चटकन खटकते, कारण 2 ने सुरू होणारा मोबाइल नंबर आपल्याकडे नसतो. 8 ने सुरू होणारा दहा आकडी नंबर मात्र कुणालाही मोबाइलचाच वाटणार.

तेव्हा ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो आकडा संख्या म्हणून भरूच नका. फोन असो की बँकेचे खाते, टायपिंगआधी अख्खा कॉलम निवडून त्याचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा. नंतर करून गेलेले शून्य परत येत नाही. एखाददुसराच नंबर असेल तर आधी एकेरी अवतरणचिन्ह टाइप करा, ते चौकटीत दिसत नाही. मग कोपऱ्यात हिरवा त्रिकोण उमटतो. त्याला घाबरून ‘कन्व्हर्ट टू नंबर’ दाबलेत की जपलेले शून्य पुन्हा गेले. ‘इग्नोर एरर’ निवडा.

खाते क्रमांकाची आणखी एक गोम आहे. एक्सेल पंधराच आकडे नीट ठेवते, सोळाव्यापासून पुढच्या आकड्यांच्या जागी शून्ये बसवते. खाते क्रमांकांची लांबी बँकेगणिक वेगळी, म्हणून अंदाजाने काही दुरुस्त करू नका, पासबुक मागवा.

सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून उघडू नका. सीएसव्हीत फॉरमॅट साठवलेलाच नसतो, त्यामुळे नीट जपलेली शून्येही उघडताना उडतात. ‘डेटा’ मेनूतून फाइल आत घ्या आणि तो कॉलम टेक्स्ट ठेवा. नव्या एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये, ‘डेटा’ विभागात, शून्ये आपोआप काढण्याची सोय बंदही करता येते.

आता आमच्या यादीत लँडलाइन आणि मोबाइल असे दोन वेगळे कॉलम आहेत, आणि यात्रेआधी प्रत्येक नंबर एकदा लावून पाहिला जातो.