पंचनाम्याआधी फावडे नको

वऱ्हाडात, म्हणजे पूर्णा व वर्धा या नद्यांच्या खोऱ्यांतील अमरावती-अकोल्याच्या मुलखात, सेवाकार्याची रीत बरीचशी धर्मसंस्थांनी घडवली आहे. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापून प्रार्थनेला श्रमदानाची जोड दिली, शेंडगावच्या गाडगेबाबांनी खराट्यालाच पूजेचा मान दिला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत अलायन्स मिशनने अकोल्याकडे अनाथ मुलांना आसरा दिला. त्यामुळे पूर किंवा अवकाळी वादळाने घरे पडली, की भजनी मंडळ असो वा चर्चची युवक मंडळी, माणसे फावडी-घमेली घेऊन निघतात. त्यांच्या तळमळीविषयी शंका नाही. मात्र या तळमळीला घाई जडली, तर ज्याच्यासाठी श्रम करायचे त्याचेच नुकसान होते, असा अशा कामांचा वारंवारचा अनुभव आहे.

सर्वांत मोठे नुकसान पहिल्या दोन दिवसांतच होते. पंचनामा म्हणजे तलाठी, ग्रामसेवक आदींनी पंचांसमक्ष जागेवर केलेली हानीची लेखी नोंद, आणि सरकारी मदत तिच्यावरच ठरते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घरास १ लाख २० हजार रुपये ठरले होते. मात्र किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरास ६,५०० आणि कच्च्या घरास अवघे ४,००० रुपये ठरले होते. पथकाने सद्‌भावनेने चिखल उपसला, पडलेली भिंत बाजूला रचली आणि उरलेलीला टेकू दिला, तर मागाहून आलेल्या कर्मचाऱ्याला ते घर ‘अंशतः’ दिसू शकते, आणि त्या एका शब्दात लाखाहून अधिक रुपये जातात. म्हणून आधी भिंतीवर उमटलेली पुराची ओली रेघ, कोसळलेले आढे व वाहून गेलेला जोता, म्हणजे घराचा जमिनीवर उचललेला चौथरा, यांची छायाचित्रे घरधन्यासह काढावीत; ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घराच्या कर-आकारणीचा उतारा, शोधून वाळवावा; आणि मगच फावडे उचलावे. माणूस वा जनावर ढिगाऱ्याखाली असेल, तर अर्थात हा क्रम लागू होत नाही.

पुराचे पाणी उतरल्यावर मातीची भिंत दोन उन्हांत वरून पांढरी पडते, पण पायथ्याशी बोट रोवले तर आत गारवा लागतो आणि माती पेढ्यासारखी दबते. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आत कोंडते व भिंत पुढच्या पावसात पोटातून फुगून पडते. अमेरिकेत २००५ सालच्या कॅटरिना वादळानंतर गेलेल्या चर्चच्या पथकांनाही बांधण्याआधी भिजलेली आतली आवरणे उतरवून घरे वाळू देणे, हेच काम मोठ्या प्रमाणावर करावे लागले. उत्साही मंडळींना ते काम वाटत नाही, ही खरी अडचण आहे.

नव्या बांधकामात काळी माती दगा देते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, आणि उथळ पायावरच्या भिंती तिरप्या तडकतात. खोल काळ्या जमिनीत अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेला, जागीच ओतलेला खांब, किमान साडेतीन मीटर खोल नेण्याचा दंडक आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे ज्या भागात भूजल खारे आहे तेथे, आणखी एक फास आहे. सळई असलेल्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमहून अधिक क्लोराइड चालत नाही; तरीही हाताशी असलेल्या बोअरचे पाणी सर्रास वापरले जाते, पुढे सळई गंजते आणि भिंतीला लोणा धरतो. गावातला जुना मिस्त्री हे जाणतो. शहरातून आलेल्या पथकाने त्याच्या हाताखाली काम करावे, त्याला हाताखाली घेऊ नये.

घरधन्याला विचारण्याविषयी किल्लारीचा धडा पुरेसा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर नव्या वसाहतींत जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० वा ७५० चौरस फुटांची घरे सरळ रांगांत उभी राहिली. ती मजबूत होती, पण गोठा, कडबा आणि अंगण यांचा हिशेब अनेक ठिकाणी चुकला.

पथकाच्या मुक्कामाचीही आधी पाहणी व्हावी. अकोला जिल्ह्यातील पारस येथे ९ एप्रिल २०२३ रोजी वादळात कडुनिंबाचे झाड मंदिराजवळच्या टिनाच्या शेडवर कोसळून ७ जण दगावले. तेव्हा वाऱ्या-वादळाच्या दिवसांत झाडाखालच्या टिनशेडमध्ये पथक उतरवू नये.

शेवटची बाब परतीची आहे. साध्या सिमेंटच्या कामावर किमान ७ दिवस, आणि उन्हाळा कडक असल्यास १० दिवस, पाणी मारावे लागते, तर पथके बहुधा आठवडा संपताच निघतात. म्हणून ते पाणी मागे कोण मारणार आणि गोडे पाणी कोठून आणणार, हे घरधन्याशी बोलून निघण्यापूर्वीच ठरवावे.