शोध-वेटोळे बदलताना

विजयादशमीच्या दिवशी म्हैसूरच्या राजवाड्यापासून निघालेली मिरवणूक सुमारे ५ किलोमीटर चालून बन्नीमंटपाला पोहोचते. बन्नी म्हणजे आपली शमी. पांडवांनी अज्ञातवासापूर्वी आपली शस्त्रे शमीवर लपवून ठेवली होती, ही कथा वाचकांना ठाऊक आहेच. बन्नीमंटपाच्या मैदानावर त्या रात्री मशालींची कवायत होते व ती पाहण्यास प्रचंड जनसमुदाय लोटतो. अशा समारंभापूर्वी जागेची तपासणी करणाऱ्या माणसाला झाडावरच्या नव्हे, तर मातीखालच्या धातूची चिंता असते. आपल्या धातुशोधकाला मोठे वेटोळे बसविले की तो अधिक खोलवर पाहू लागेल, असे त्याला सहजच वाटते. हे कितपत खरे आहे, याचा आपण येथे विचार करू.

धातुशोधकाच्या दांड्याच्या टोकाला असलेल्या तबकडीत तांब्याच्या तारेची सामान्यतः दोन वेटोळी असतात. पहिल्यातून दिशा बदलत राहणारा विद्युत्प्रवाह सोडला की सभोवती तसेच बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात सापडलेल्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्याला जाणवते. दोन्ही वेटोळी एकमेकांशी अशी जुळविलेली असतात की, धातू जवळ नसताना दुसऱ्यात जवळजवळ काहीच उमटू नये. कान शांत असेल तरच कुजबूज ऐकू येते, तसेच हे आहे.

आता आकाराकडे वळू. वेटोळ्याच्या त्रिज्येपेक्षा बरेच दूर गेल्यावर त्याचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. धातूकडून परतणारा संकेतही तसाच घटतो. म्हणजे अंतर दुप्पट झाले की उत्तर चौसष्टावा हिस्सा उरते! प्रवाह वाढवून खोली फारशी का वाढत नाही, हे यावरून उमगेल. वेढ्यांची संख्या व प्रवाह तेच ठेवून २० सेंटिमीटर व्यासाच्या जागी ३० सेंटिमीटर व्यासाचे वेटोळे घेतले, तर मध्याखाली ३० सेंटिमीटर खोल असलेल्या वस्तूचे उत्तर सुमारे साडेतीन पट होते. परंतु तीच वस्तू अवघ्या ५ सेंटिमीटरांवर असेल, तर उत्तर वाढण्याऐवजी पूर्वीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडे कमी होते. खोलीचा लाभ जवळच्या वस्तूच्या तोट्याने विकत घ्यावा लागतो. काही भूसुरुंगांत धातूचा अंश एका ग्रॅमहूनही कमी असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हा तोटा किती महागात पडू शकेल ते कळते.

दुसरी अडचण खुद्द मातीची. म्हैसूर परिसरातील तांबडी माती लोहाच्या ऑक्साइडांमुळे तांबडी झालेली आहे. महाराष्ट्रातील काळ्या मातीत बेसाल्ट खडकातून आलेले चुंबकीय खनिजांचे कण असतात. अशी माती स्वतःच उत्तर देते, आणि मोठे वेटोळे एकाच वेळी अधिक माती पाहत असल्याने तिचा गलबलाही अधिक ऐकते. शिवाय जत्रा-समारंभांच्या मैदानावर खिळे आणि बाटल्यांची झाकणे विखुरलेली असतातच. मोठ्या तबकडीखाली त्यांतील चार-पाच एकदम आली की सर्वांचा मिळून एकच आवाज होतो.

अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी गोळी झाडली गेली, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वावरील उपकरणाने त्यांच्या शरीरातील गोळी शोधण्याचा प्रयत्न केला. गोळीचा पत्ता लागला नाही. अध्यक्षांच्या गादीत पोलादी तारा होत्या, आणि डॉक्टरांनी शरीराची उजवी बाजूच तपासू दिली होती. उपकरण बहिरे नव्हते. त्याला नको ते ऐकू येत होते, आणि हवे त्या जागी त्याला नेलेच गेले नाही.

मातीचा त्रास कमी करण्यासाठी एकात एक गोल बसविण्याऐवजी इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून, किंचित एकमेकांवर चढवून बसवितात. मग संवेदनक्षम भाग मधल्या अरुंद पट्ट्यापुरता उरतो. खनिजयुक्त जमिनीत आणि कचऱ्याने भरलेल्या मैदानावर, माझ्या मते, मोठ्या गोल तबकडीपेक्षा या धर्तीची लहान तबकडी अधिक उपयोगी. चाल मात्र सावकाश ठेवावी लागते आणि फेऱ्या वाढतात. मोठी तबकडी तिच्या वजनाने हात दुखवते तो वेगळाच प्रश्न. दमलेला हात ती जमिनीपासून वर उचलू लागतो व मिळविलेली खोली तेथेच गमावतो.

वेटोळे कोणतेही चालत नाही. यंत्राचे मंडल ठरावीक कंप्रतेला व ठरावीक प्रवर्तकतेला जुळविलेले असते. म्हणून त्याच यंत्रासाठी बनविलेले वेटोळे घ्यावे. घरी गुंडाळणाऱ्याने तारेभोवतीचे धातूचे आवरण पूर्ण वर्तुळात जोडू नये, एक फट सोडावी. नाहीतर ते आवरणच एक बंद वेढा होऊन क्षेत्र गिळून टाकते. वेढे राळेत पक्के बसवावेत. ते किंचित हलले तरी साधलेला तोल बिघडतो. जोडतार दांड्याभोवती घट्ट गुंडाळावी, आणि नव्या वेटोळ्यासह यंत्र त्या जागेच्या मातीशी पुन्हा जुळवून घ्यावे.

शेवटी परीक्षा. टेबलावर हवेत नाणे धरून केलेली चाचणी फसवी असते. ज्या जमिनीवर काम करायचे तिच्यातच एक खिळा आणि एक नाणे ५, १५ व ३० सेंटिमीटरांवर पुरावे, जागा कागदावर टिपून ठेवाव्यात आणि जुने व नवे अशी दोन्ही वेटोळी त्यांवरून फिरवून पाहावीत. चाचणी संपली की पुरलेले सर्व मोजून बाहेर काढावे.