क्रूड प्रोटीन २२ टक्के : हा आकडा येतो कुठून?

मी मालेगावचा. नाव सांगितलं की "नाशिकचं का?" असा प्रश्न ठरलेला, म्हणून आधीच सांगतो, वाशिम जिल्ह्यातलं. आमच्याकडे पावसाळ्यात जिकडे बघाल तिकडे सोयाबीन. ते बाजार समितीत जातं, तिथून प्लँटमध्ये. तेल निघालं की उरते ती ढेप. व्यापारी तिला डीओसी म्हणतात. ही ढेप कोंबड्यांच्या, गुरांच्या खाद्यात जाते, आणि कुत्र्यांच्या पाकीटबंद खाद्यातही. हा विषय काढायचं कारण असं, की हॉस्टेलमागच्या कुत्र्यांसाठी वर्गणी काढून खाद्याचं पोतं आणायचं घाटतंय. पोत्यावर छापलेलं असतं : 'क्रूड प्रोटीन २२ टक्के'. त्यातल्या 'क्रूड' या शब्दावर कुणी बोट ठेवत नाही. सगळी गंमत तिथेच आहे.

प्रोटीन थेट मोजणं कटकटीचं. म्हणून १८८३ साली डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी सोपी वाट काढली. हे गृहस्थ बिअरवाल्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत होते, त्यांना धान्यातलं प्रोटीन मोजायचं होतं. (बिअरचं नाव निघताच मागच्या बाकावरचे जागे झाले असतील.) नमुना तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळायचा, म्हणजे त्यातला नायट्रोजन अमोनियम सल्फेटच्या रूपात येतो. मग अल्कली घालून अमोनिया मोकळा करायचा, तो ॲसिडमध्ये धरायचा आणि टायट्रेशन करायचं. नायट्रोजन किती ते कळलं. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला १०० भागिले १६, म्हणजे ६.२५ ने गुणायचं. झालं 'क्रूड प्रोटीन'. थोडक्यात, आपण मोजतो नायट्रोजन आणि छापतो प्रोटीन. नायट्रोजन आला कुठून हे ही टेस्ट विचारतच नाही.

आता मेलामाइन घ्या. आपल्या मेसमधल्या न फुटणाऱ्या प्लेटा ज्याच्या रेझिनच्या असतात, ते. त्याच्या रेणूत कार्बनचे ३, हायड्रोजनचे ६ आणि नायट्रोजनचे ६ अणू. रेणुभार १२६, त्यात नायट्रोजन ८४, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश. याला ६.२५ ने गुणा. उत्तर येतं ४१६ टक्के प्रोटीन! गव्हाच्या पिठात प्रोटीन ११ टक्के धरू. गव्हाचं ग्लूटेन म्हणून विकायचं तर ७५ टक्के दिसायला हवं. १०० किलोत सुमारे १६ किलो मेलामाइन मिसळलं की कागदावर ७५ भरतात. पांढऱ्यात पांढरी पावडर, डोळ्याला काही दिसत नाही.

हे नुसतं वहीतलं गणित नाही. १६ मार्च २००७ रोजी मेनू फूड्स या कॅनडातल्या कंपनीने कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे सहा कोटींवर डबे आणि पाऊच बाजारातून परत मागवले. कंपनी एक असली तरी माल कितीतरी वेगवेगळ्या ब्रँडच्या नावाने विकला जात होता. जनावरं किडनी निकामी होऊन मरत होती. चीनहून आलेल्या 'ग्लूटेन'मध्ये मेलामाइन असल्याचं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच महिन्याअखेर जाहीर केलं. पुढे कळलं की ते ग्लूटेन नव्हतंच, साधं गव्हाचं पीठ होतं. दुसऱ्या एका चिनी पुरवठादाराच्या तांदळाच्या प्रोटीनमध्येही तोच प्रकार निघाला. मेलामाइन एकटं तितकं जहाल नाही, पण सोबत सायन्युरिक ॲसिड असेल तर दोघांचे न विरघळणारे स्फटिक किडनीच्या सूक्ष्म नलिकांत अडकतात. प्रशासनाकडे हजारो जनावरांच्या मृत्यूच्या तक्रारी आल्या.

जनावरांवरून मिळालेला हा इशारा कुणी मनावर घेतला नाही. २००८ मध्ये चीनमध्ये तेच मेलामाइन बाळांच्या दुधाच्या पावडरीत सापडलं. दुधात पाणी घालायचं आणि उतरलेलं प्रोटीन मेलामाइनने भरून काढायचं, असा हिशेब. जवळपास तीन लाख मुलं आजारी पडली, सहा दगावली. भारताने सप्टेंबर २००८ मध्ये चिनी दूध आणि दुग्धजन्य पदार्थांची आयात बंद केली आणि ती बंदी पुढे वाढवत नेली.

आपल्याकडे ही युक्ती अजिबात नवी नाही. युरियाला ६.२५ ने गुणलं की २९० च्या आसपास 'प्रोटीन' येतं. दुधात युरिया कशासाठी घालतात ते आता लक्षात आलं असेल. गाईला थोडा युरिया पचतो, कारण तिच्या पहिल्या पोटातले जिवाणू त्यापासून खरं प्रोटीन बनवतात. कुत्र्याला ती सोय नाही.

आमच्या ढेपेचंही एक शास्त्र आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतो, तो प्रोटीन पचू देत नाही. म्हणून हेक्झेनने तेल काढल्यावर ढेप वाफेवर भाजतात. नीट भाजली का, हे युरिएज टेस्टने कळतं : युरिया आणि फिनॉल रेडच्या द्रावणात ढेप टाकायची, फार लाल झाली तर कच्ची. पाच मिनिटांचा खेळ, आपल्या केमिस्ट्री लॅबमध्ये सहज होईल. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं, तेव्हा कोंबडीखाद्यासाठी १२ लाख टन जीएम सोयाढेप आयात करायला केंद्राने परवानगी दिली. पुढे भाव उतरले. आमच्याकडे बोलणं झालं ते भावाचं, आणि ते साहजिक होतं. पण आलेल्या ढेपेत काय तपासायचं आणि कोण तपासणार, हा प्रश्न माझ्या मते तितकाच मोठा होता.

आयात मालाची दुसरी भीती बुरशीची. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले. कारण निघालं ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड. त्यातून अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. पण देशी माल म्हणजे निर्धोक, असंही समजू नका. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थान सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली, आणि त्या गावांतली कुत्रीही तशीच आजारी पडली होती. हे विष शिजवून जात नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्येही एका कंपनीचं कुत्र्यांचं खाद्य याच कारणाने परत घ्यावं लागलं.

कायद्याचं म्हणाल, तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यातल्या 'अन्न' या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे. म्हणजे आपल्या बिस्किटाच्या पुड्याला जे नियम, ते कुत्र्याच्या पाकिटाला आपोआप लागू होत नाहीत.

तेव्हा पोतं घेताना टक्क्यांवर जाऊ नका. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता बघा. मेनू फूड्सला माल परत मागवता आला तो डब्यांवर कोड छापलेले होते म्हणून. थैलीत बांधून मिळणारं सुटं खाद्य स्वस्त असेल, पण उद्या त्यात खोट निघाली तर कोणतं परत मागवणार? पोतं जिन्याखालच्या ओल्या भिंतीला टेकवायचं नाही, पाटावर ठेवायचं, आणि कुबट वास आला की सरळ फेकायचं. वर्गणी तेवढी जमली नाही, तर मेसच्या उरलेल्या पोळ्या, साधा भात आणि उकडलेलं अंडं चालेल. फक्त कांदा, मनुका आणि चॉकलेट त्यात जाऊ द्यायचं नाही, हे मेसच्या मामांना आधीच सांगून ठेवावं लागेल.