काड्यांचा पूल अडीचशे रुपयांत

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या उंच गॅलऱ्या ऊर्जानगरकरांच्या रोजच्या पाहण्यातल्या. त्यांचा त्रिकोणी सांगाडा म्हणजे ट्रसच. अभियांत्रिकीच्या वर्गात तोच आइस्क्रीमच्या काड्यांचा करायला सांगतात आणि मुलं ऑनलाइन बाल्सा लाकूड शोधू लागतात. गरज नाही.

50 सेंटिमीटरचा, पाच खणांचा वॉरेन ट्रस धरा. दोन्ही बाजू, वरखालच्या दुहेरी दांड्या, आडव्या काड्या आणि माथ्यावरच्या फुल्या मिळून 75च्या आसपास काड्या लागतात. तरी शंभराची दोन पाकिटं घ्या. वाकड्या काड्या निवडून काढल्या की एक पुरत नाही. गोल बाजारात फिरलात तर पाकीट साधारण 50 ते 70 रुपयांना पडावं. फेव्हिकॉल 100 ग्रॅम पन्नास-साठ, कपड्यांचे डझनभर चिमटे चाळीसेक. झालं.

चिमट्यांवर काटकसर नको. पूल बहुधा सांध्यात सुटतो, काडी शाबूत राहते. प्रत्येक सांधा दाबून चोवीस तास ठेवा. पावसाळ्यात दोन दिवस. ग्लू गनचा मोह आवरा: तो गोंद जड असतो, भाराखाली सरकतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका.

बुरडाकडच्या बांबूच्या कमच्या नियमात बसत असतील, तर खालच्या दांडीला वापरा. तिथे ताण असतो आणि ताणाला बांबू चिवट. मात्र गुळगुळीत सालीवर फेव्हिकॉल धरत नाही, पॉलिशपेपरने घासून घ्या. वरची दांडी दाबाखाली असते, ती बाजूला वाकते. आधाराविना लांबी दुप्पट झाली की वाकण्यापूर्वी पेलणारा भार चौथाईवर येतो. माथ्यावरच्या फुल्या गाळू नका त्या यासाठीच.

चाचणीला यंत्र लागत नाही. दोन टेबलं, मधोमध लाकडी ठोकळा, त्याला टांगलेली बादली. बादली जमिनीपासून वीतभरच वर ठेवा, म्हणजे पूल तुटला तरी वाळू खोलीभर होणार नाही. वाळू मगाने, हळूहळू. डोळ्यांना चष्मा हवाच. काडीची कपची उडते. 120 ग्रॅमचा पूल 18 किलोंना तुटला, तर गुणोत्तर 150. गुण बहुतेक ठिकाणी यावरच मिळतात, म्हणून थापलेला गोंदही अंगाशी येतो.

वाळूची बादली तोलायला आकड्याचा डिजिटल वजनकाटा तीनेकशे रुपयांचा. तो वर्गात एकच घ्या. पूल तोलायला ओळखीचा किराणावाला आहेच.